शिंगाला डाग

मरणारा माणूस जरा फोड करून बोलून गेला, तर मागच्यांचे किती हाल वाचतील. जोतीरामचं अंग एका बाजूनं गेलं त्याला वर्ष झालं होतं. जीभ जड झाली होती आणि बोलायचं ते तो तोडून तोडून बोलायचा. फाल्गुनात एका दुपारी त्याचा पोरगा धोंडिराम त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, ‘आबा, शिंगाचं काय करू?’ म्हाताऱ्यानं बराच वेळ आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘शिंगाला डाग दे.’ त्याच आठवड्यात तो गेला.

आता डाग म्हणजे काय? तांबट फुटका हंडा कथील वितळवून सांधतो, त्याला डाग देणं म्हणतात. आणि बाप मेला की पोरगा सरण पेटवतो, त्यालाही डाग देणंच म्हणतात. एका डागानं वस्तू जुळते, दुसऱ्यानं राख होते. म्हातारा यातलं कोणतं म्हणाला, यावरून सगळ्या वस्तीचं डोकं फिरायची वेळ आली, आणि सांगणारा तर निघून गेला होता.

शिंग पितळेचं होतं, दोन वाकड्या नळ्या मधोमध जोडून केलेलं, उभं धरलं तर माणसाच्या डोक्यावर जाणारं. जांभळमाळच्या जानाईच्या पालखीपुढे ते वाजायचं. किती पिढ्या, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘शिंगाचा मान तुमच्या घराचा’ असं गाव म्हणायचं, आणि मान म्हणायला गावाचं काही जात नव्हतं. कारण त्या मानाच्या मागं बाकीचं सगळं बांधलेलं होतं. ज्याच्या घरात शिंग, त्यानं गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन परगावी पळायचं. त्यानंच मेलेलं ढोर ओढायचं. आणि पालखी देवळात शिरली की त्यानं पायरीखाली उन्हात उभं राहायचं.

छप्पन साली वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. दुसऱ्या दिवशी जोतीरामनं चावडीपुढच्या दगडावर शिंग ठेवलं, दुसरा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि सांधा उकलेपर्यंत वर घालत राहिला. धोंडिराम तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. बापाच्या तोंडावरून घाम गळत होता आणि तो हसत होता, एवढं त्याच्या कायमचं ध्यानात राहिलं, कारण बापाला हसताना त्यानं फारसं कधी बघितलंच नव्हतं. तुकडे मात्र जोतीरामनं फेकले नाहीत. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली दोन खिळ्यांना दोन तुकडे टांगले. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘पोरांस्नी दिसू द्या.’ तेव्हापासून पालखी मुकी निघायची आणि गावाची ढोरं ओढायला गाव बाहेरून माणसं आणायचं. चार वर्षं कुरकुर झाली, मग सवय झाली.

आणि मग बहात्तर साल उजाडलं. पाऊस त्या वर्षी साताऱ्याकडच्या खंडाळ्याची वाटच विसरला. दिवाळीला विहिरी तळाला गेल्या, संक्रांतीला ओढ्याचे दगड तापायला लागले. खंडाळ्याहून टँकर यायचा, तो गावविहिरीत पाणी ओतून जायचा. विहीर सगळ्यांना खुली असल्याची सरकारी पाटी चावडीवर ठोकलेली होती. पाटी वाचायला कुणाची मनाई नव्हती. पण पाणी भरायचं तर वस्तीच्या बायांनी खालच्या पायरीशी थांबायचं, वरच्या आळीच्या बायांच्या घागरी भरून व्हायची वाट बघायची आणि मग कुणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचं. तोवर विहिरीत गाळ उरायचा. राहिलेली तहान ओढ्यातल्या झऱ्यावर. त्या झऱ्याचं पाणी पिऊन वस्तीतली दोन पोरं दगावली होती. धोंडिरामची शालन, चौथं सरलेली पोर, हगवणीनं अशी झाली होती की उचलली तर हाताला वजन लागत नव्हतं.

गावानं दुष्काळाचं कारण शोधायला घेतलं. सरकार कारण होऊ शकत नव्हतं, कारण सरकारात पाटलाचा मेव्हणा होता. शोधता शोधता बोट शिंगावर येऊन थांबलं. जानाई कोपली, तिच्यापुढं शिंग वाजत नाही म्हणून कोपली. इतकी वर्षं पाऊस पडत होता तेव्हा ती का कोपली नव्हती, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

लालासाहेब पाटील ओरडणाऱ्यातला माणूस नव्हता. ओरडणारा परवडतो, त्याच्यावर उलट ओरडता येतं. दुष्काळी कामावर धोंडिराम खडी फोडत होता तिथं लालासाहेब स्वतः चालत आला, शेजारच्या दगडावर बसला आणि त्याला पुऱ्या नावानं हाक मारली. जबरदस्ती नाही म्हणाला. कायदा आपल्यालाही ठाऊक आहे म्हणाला. चैत्रात जत्रा आहे, शिंग दुरुस्त करून आण, पालखीपुढं एकदा वाजव, गावाचं मन निवेल.

‘आन त्या दिसापासनं,’ तो उठता उठता म्हणाला, ‘तुमच्या बाया आमच्या बायांसंगं एका रांगंत पानी भरतील. माझा सबूद हाय.’

ते ऐकून धोंडिराम घरी आला आणि त्यानं बापाला विचारलं. बापानं डाग दे म्हणून सांगितलं आणि डोळे मिटले.

वस्तीत दोन तट पडले. तात्याबा हा वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, जोतीरामच्या बरोबरीचा. शिंग फोडलं तेव्हा ते दगडावर धरून ठेवायला तोच होता. त्याला कसली शंका नव्हती. जोतीरामला सरणावर ठेवलं तेव्हा तात्याबा दोन्ही तुकडे घेऊनच आला. त्रिशरण म्हणून झालं. तात्याबानं तुकडे प्रेताच्या पायाशी ठेवले आणि धोंडिरामच्या हातात चूड दिली. सगळ्यांच्या देखत धोंडिरामनं चूड दुसऱ्या हातात घेतली, वाकला आणि तुकडे पुन्हा काढून घेतले. लाकडाच्या जाळानं पितळ काही जळायचं नाही, नुसतं काळं पडेल, असं काहीतरी तो पुटपुटला. ती सबब होती, आणि ती त्यालाही कळत होती. तात्याबा त्यानंतर त्याच्या दारात आला नाही.

धोंडिरामची बायको आक्काताई दुसऱ्या बाजूची. तिचं म्हणणं सरळ होतं. आबांनी नात बघितली, घरातली कोरडी घागर बघितली आणि सांध म्हणून सांगितलं. बापानं आपल्या हातानं तोडलेलं पोरानं आपल्या हातानं जोडावं, एवढं मोठं मन त्यांचं होतं. ती हे बोलायची तेव्हा शालनचं डोकं तिच्या मांडीवर असायचं, त्यामुळं तिला खोडून काढणं धोंडिरामच्या जिवावर यायचं.

उरली म्हातारी. हरणाबाई जोतीरामच्या उशापायथ्याशी वर्षभर बसून होती. त्याचं तुटकं बोलणं तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. धोंडिरामनं तिला दळताना गाठलं.

‘आये, आबा कंच्या डागाचं म्हनाले?’

म्हातारीनं जात्याचा खुंटा सोडला नाही. ‘मला इचारू नगंस, लेकरा,’ ती म्हणाली. ‘मी पान्याच्या बाजूची हाय.’

याचा अर्थ काय, हे न कळण्याइतका धोंडिराम खुळा नव्हता. म्हाताऱ्यानं जाळायलाच सांगितलं होतं, आणि म्हातारीला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिनं तोंडानं म्हटलं नव्हतं. तिनं म्हटलं नाही म्हणून अजून दोन अर्थ शिल्लक होते, आणि त्या दुसऱ्या अर्थाच्या आधारानं धोंडिरामनं तुकडे पोत्यात घातले आणि एसटीनं सातारा गाठला.

साताऱ्याचा तांबट म्हणाला, हंडे-घंगाळी असली तर टाक, वाजायच्या वस्तूला आपण हात लावत नाही, वाद्यं मिरजेची. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत कारागिरांनी पोत्यात डोकावून बघितलं आणि हसले. आम्ही भोपळ्याची नि लाकडाची माणसं, पितळेचं काम असलं तर सांगलीला गुंडा तांबटाकडं जा. धोंडिराम पोतं खांद्यावर टाकून चालत निघाला. विश्रामबागेत एका बंगल्याच्या आवारात एक बाई रबरी नळीनं कर्दळीला पाणी घालत होती. पाणी आळ्यातून बाहेर येऊन रस्त्यावर वाहत होतं. धोंडिराम थांबून बघत राहिला. त्या बाईचा त्याला राग आला, आणि तिचा काहीएक गुन्हा नव्हता. वाहणाऱ्या पाण्यात त्यानं नकळत पाऊल बुडवलं आणि मग पुढं चालायला लागला.

गुंडा तांबट ऐकायला कमी असलेला, तोंडात तंबाखू धरून बोलणारा माणूस. त्यानं तुकडे उलटेपालटे केले, सांध्यावरून अंगठा फिरवला.

‘डाग द्याचा?’

धोंडिराम दचकला. इतके दिवस ज्या शब्दानं झोप उडवली होती, तो हा माणूस पानाला चुना लावावा तसा सहज बोलला.

‘कच्चा देऊ का पक्का?’ गुंडानं विचारलं. धोंडिरामला कळलं नाही असं बघून त्यानं समजावलं, ‘पक्का म्हंजे पितळंचा, भट्टीत लाल करून. मग ते त्या जागी पुन्ना कवा तुटत न्हाई. कच्चा कथलाचा. दिसाय-वाजाय तसाच. पर शेकलं, आपटलं, की उकललं.’

धोंडिरामच्या मनात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कच्चा डाग. एका दिवसापुरता. पालखीपुढं वाजवायचं, गावाचा शब्द पदरात घ्यायचा, रात्री घरी आणून चुलीवर धरायचं. सांधा उकलला की दोन्ही तुकडे पुन्हा खिळ्यांना. पाणीही मिळालं आणि आबाचा डागही दिला. इतके दिवस हे कसं सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. दोन दगडांमध्ये सापडलेल्या माणसाला फट दिसली की ती दारच वाटते.

‘कच्चाच द्या,’ तो म्हणाला.

तोंडाचे पोचे काढून देऊ का, असंही गुंडानं विचारलं. ते दगडाचे घाव होते. धोंडिराम म्हणाला, ते राहू द्या. गुंडानं खांदे उडवले, जरा घोगरं वाजेल म्हणाला आणि कथील तापत ठेवलं. काम व्हायला वेळ लागला नाही. चिंच लावून घासल्यावर शिंग असं लखलखलं की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली, आणि धोंडिरामनं ते घाईनं पोत्यात घातलं.

जत्रेच्या दिवशी वस्तीतलं निम्मं माणूस घरात दार लावून बसलं. धोंडिराम देवळापुढं उभा राहिला. बापानं लहानपणी शिकवलेलं, त्यानंतर ओठ कधी लागले नव्हते. पहिल्यांदा नुसता वारा गेला. पोरं हसली. दुसऱ्यांदा त्यानं पोटातून फुंकलं आणि आवाज निघाला, घोगरा, रानातल्या जनावरासारखा, मग वर चढत चढत मोकळा झाला आणि माळावरून फिरून परत आला. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. आणि धोंडिरामला, काय सांगावं, आनंद झाला. अजून फुंकावं वाटलं, आणि तो फुंकत राहिला. पालखी वळली तरी तो फुंकतच होता. नंतर त्याला या आनंदाचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

पालखी देवळात शिरली. धोंडिराम पायरीखाली उभा राहिला, त्याला कुणी सांगावं लागलं नाही. लालासाहेब खाली आला, दोन्ही हात पुढं करून त्यानं शिंग मागितलं, आईच्या पायाला लावून आणतो म्हणाला. शिंग आत गेलं. आरती झाली, प्रसाद झाला, माणसं पांगली. शिंग काही बाहेर आलं नाही. पुजारी म्हणाला, पाटलांनी सांगितलंय, आता ते आईपाशीच राहील, पुढच्या जत्रेला मिळेल.

पण लालासाहेबानं शब्द मात्र पाळला. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि आक्काताई वरच्या आळीच्या बायांबरोबर रांगेत उभी राहिली. तिनं स्वतःच्या हातानं दोर सोडला, स्वतःच्या हातानं घागर ओढली. घरी आली तेव्हा ती रडत होती आणि हसत होती. पाणी उकळून गार केलं, शालनला पाजलं. हरणाबाईनं भांड्यात पाणी घेतलं, आत बघितलं, तळ दिसतोय म्हणाली, आणि मग प्यायली. आठवडाभरात पोर उठून बसली, भाकरी मागायला लागली. तात्याबाची सूनही आता रांगेत होती. घरात आलेलं पाणी तात्याबाही प्यायला. धोंडिरामला वाटायला लागलं, झालं ते बरंच झालं. शिंग काय, पडलंय देवळात, पडू दे.

त्यानंतर एका सकाळी पाटलाचा गडी दारात आला. आत आला नाही, उंबऱ्यापासून लांब उभा राहिला.

‘धोंड्या,’ त्यानं हाक मारली, ‘ए धोंड्या. गोठ्यात बैल पडलाय. दोर घिऊन चल.’

धोंडिराम तसाच, हातात काही न घेता पाटलाच्या वाड्यावर गेला. लालासाहेब ओसरीवर चहा पीत होता. धोंडिराम म्हणाला की फक्त वाजवायचं ठरलं होतं, दुसरं काही ठरलं नव्हतं. लालासाहेबानं मान डोलावली. खरं आहे म्हणाला. जबरदस्ती नाही म्हणाला. पण बाहेरची माणसं आता येत नाहीत, ती म्हणतात तुमच्या गावात शिंगवाला असताना आम्ही का यावं. आणि घराघरातून बायका बोलायला लागल्यात की मान घेतला तर सगळा घ्यावा, अर्धा मान कसला. विहिरीवर कुणी कुणाबरोबर उभं राहायचं ते शेवटी बायका ठरवतात, मी पाटील असलो तरी त्यांच्या घागरी धरायला जाऊ का?

‘मग माजं शिंग माघारी द्या,’ धोंडिराम म्हणाला.

‘द्याला कशाला पायजे? तुजंच हाय,’ लालासाहेब म्हणाला. ‘गाभाऱ्यात ठिवलंय, आईच्या पायाशी. जा, घिऊन ये.’

त्याचा आवाज जराही चढला नाही. गाभाऱ्यात धोंडिरामला पाऊल टाकता येत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि धोंडिरामलाही. सांगलीहून कच्चा डाग देऊन आणला तेव्हा शिंग पुन्हा आपल्या हातात येणार, हे धोंडिराम धरूनच चालला होता. तेवढंच कुणी कबूल केलेलं नव्हतं. कथलाचा तो सांधा आता अंधारात, गार दगडावर, कुणाचा धक्का न लागता वर्षानुवर्षं टिकला असता.

तो घरी आला. चुलीपाशी शालन दूधभाकरीच्या नावानं पाणीभाकरी खात होती. आक्काताई घागर घेऊन विहिरीवर गेली होती, टँकर यायची वेळ होती. हरणाबाईला त्यानं काही सांगितलं नाही, पण पाटलाच्या गड्याची हाक तिनं ऐकली होती. ती उठली, माळ्यावरून जुना दोर काढला, पोराच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. त्यानं दोर उचलला.

बैल मोठा होता. दुष्काळानं हाडं वर आली होती, तरी ओढताना खांदा निखळतोय असं वाटत होतं. पाटलाचे गडी नाकाला फडकी लावून लांबून वाट दाखवत होते. गावाबाहेर माळावर जायची वाट विहिरीवरून होती, दुसरी वाट नव्हती. टँकर नुकताच गेला होता. बायांची रांग लागली होती. आक्काताई रहाटापासून तिसरी होती, घागर तिच्या पायाशी होती.

बायांनी त्याला बघितलं. एकीनं घागर उचलली, मग दुसरीनं, आणि सगळ्या पदर नाकाला लावून मागं सरायला लागल्या. आक्काताई जागची हलली नाही. ती नवऱ्याकडं बघत राहिली, तिचे ओठ उघडे होते. ढोर ओढणाऱ्याजवळ जी थांबली तिचा रहाटाला हात लागू द्यायचा नाही, हे तिथं कुणी बोललं नाही, पण वरच्या आळीच्या दोघीजणी आता ढोराकडं नाही, तिच्याकडं बघत होत्या.

धोंडिरामचा बाप ढोर ओढायचा तेव्हा वाटेवरच्या लोकांनी सावली चुकवावी म्हणून पुढं हाळी द्यायचा. ती हाळी पोराला कुणी शिकवली नव्हती. ती कानातच होती. त्यानं मान खाली घातली, दोर खांद्यावर घट्ट केला आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, ‘सरा बाया, बाजूला सरा. ढोर आलंय, सरा.’

आक्काताईनं घागर उचलली, छातीशी धरली, आणि बाकीच्या बायांबरोबर त्याच्यापासून लांब सरली.